डोंगराच्या दोन बाजू

नकाशावर पाहिले तर मुलुंड आणि बोरिवली एकमेकांच्या शेजारी आहेत. एक पूर्वेला, दुसरे पश्चिमेला, आणि मध्ये केवळ एक डोंगर. प्रत्यक्षात मात्र मुलुंडच्या माणसाने बोरिवलीला जाणे म्हणजे परगावी जाणेच होय. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे अरण्य या दोन उपनगरांच्या मध्ये पसरले आहे. तुळशी आणि विहार हे तलाव त्याच्या कुशीत आहेत आणि बिबटे आजही तेथे वस्ती करून आहेत. या अरण्याला वळसा घातल्यावाचून एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूस पोहोचत नाही. उत्तरेकडून जावे तर ठाण्यावरून घोडबंदरचा रस्ता, दक्षिणेकडून जावे तर पवईचा रस्ता, आणि लोकलने जावे तर दादरला उतरून गाडी बदलणे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यासाठी डोंगराखालून जुळे बोगदे काढण्याचे काम हाती घेतले आहे. ते पुरे होईपर्यंत वळसा चुकणार नाही.

या डोंगराच्या दोन बाजूंना एकाच घराण्याच्या दोन शाखा राहतात. घराणे मूळचे फलटणचे. पणजोबा स्वातंत्र्यापूर्वी मुंबईत आले, तेव्हा त्यांचे पहिले काही दिवस सी. पी. टँकवरील हिराबाग धर्मशाळेत गेले. पुढे काळबादेवीत कापडाची लहानशी पेढी उभी राहिली. पेढीच्या माळ्यावर माणसे झोपत, सकाळी गुलालवाडीच्या मंदिरात दर्शन घेत आणि मग गादीवर बसत. कुटुंब वाढले, माळा पुरेना, तसे मुंबईतल्या असंख्य व्यापारी कुटुंबांप्रमाणे हेही उत्तरेकडे सरकले. कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी ५ जानेवारी १९२८ रोजीच सुरू झाली होती. मुलुंडची चौकटीदार आखणी तर १९२२ मधली, क्राउन आणि कार्टर या वास्तुविशारदांनी केलेली. १९५७ मध्ये ही दोन्ही गावे महापालिकेच्या हद्दीत आली. थोरल्या भावाने बोरिवलीत जागा घेतली, धाकट्याने मुलुंडला. बहीण दोघांहून मोठी. ती लग्न होऊन अंधेरीला गेली.

भाऊ दोन टोकांना राहात, तरी पेढी एकच होती. दररोज सकाळी दोघे काळबादेवीत भेटत. पुढे वाटणी झाली. माल, येणी, देणी, जागा, सारे काही पंचांसमक्ष दोन तासांत निकालात निघाले. अडले ते एकाच ठिकाणी. पेढीचे नाव पाटीवर कोणी लावायचे? व्यापारी घरातील वाचकांना या प्रश्नाचे वजन निराळे सांगावयास नको. शेवटी ते नाव कोणीच लावले नाही, आणि भावांचे बोलणे लग्नकार्य व सुतक यांपुरते उरले. या गोष्टीला २२ वर्षे झाली. दर वर्षी क्षमावाणीला दोन्ही घरांतून ‘उत्तम क्षमा’ जात असे, पण ती सुनांच्या हातून, मोबाइलवर.

या २२ वर्षांत घरात जन्मलेली मुले एकमेकांना ओळखत नव्हती. मुलुंडच्या एका नातवाला शाळेच्या क्रीडास्पर्धेत आपल्याच आडनावाचा बोरिवलीचा मुलगा भेटला. ‘तुम्ही आमचे कोण?’ हा त्याचा प्रश्न घरी आला आणि तेथूनच मेळाव्याचा विचार निघाला.

पाच वर्षांपूर्वी असा एक प्रयत्न झाला होता. संध्याकाळचे सभागृह, सत्कार, भाषणे, मोठ्या आवाजातील गाणी. आठ वाजता लहान मुले रडू लागली, साडेआठला आया उठल्या आणि नऊ वाजता सभागृहात फक्त वक्ते उरले. म्हणून या वेळी दिवसाची आखणी तान्ह्या मुलांच्या आयांकडे सोपवण्यात आली. त्यांनी तीनच नियम केले. दिवस सकाळी सुरू व्हावा. दुपारी दोन तास एका खोलीत गाद्या घालून अंधार ठेवावा. भाषण कोणीही करू नये. डिसेंबरअखेर मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे शेवटचे जेवण पाचला सुरू करून सूर्यास्तापूर्वी आटोपायचे ठरले. वडीलधाऱ्यांचा नेम आणि मुलांची झोप यांची वेळ अशी आपोआप जुळली.

नाताळच्या सुट्टीतला रविवार ठरला. राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते, हेही त्यात पाहिले गेले. माणसे ८० च्या आसपास, आणि त्यांत दहा वर्षांखालील मुले १९.

मुलुंडकरांचा प्रवास मुलांसाठी निम्मा मेळावाच ठरला. नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी अशी स्थानके मोजत लोकलने घाटकोपर आले. तेथे घाटकोपरच्या माहेरवाशिणी, व्याही आणि त्यांची मुले मिळाली. घाटकोपर ते वर्सोवा ही मुंबईची पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली, त्यापूर्वी पूर्व-पश्चिम जाणे म्हणजे बसमध्ये तासन्‌तास बसणे होते. असल्फ्याच्या टेकडीवरील रंगीत भिंतींची घरे दिसताच मुलांनी खिडक्या धरल्या. द्रुतगती महामार्ग स्थानकावर उतरून पादचारी पुलाने गुंदवलीला गेले की दुसरी मेट्रो मिळते. तिचा पूर्ण मार्ग जानेवारी २०२३ पासून खुला झाला. बाळगाड्या आणि गुडघेदुखीची माणसे बरोबर असली की सरकता जिना टाळून उद्वाहनाची वाट पाहावी लागते. त्यासाठी वेळ राखून ठेवला होता, म्हणून कोणाची चिडचिड झाली नाही. गुंदवलीला अंधेरीच्या आत्याआजी काठी टेकत उभ्याच होत्या. वय ७८. दोन्ही भावांना ‘अरे’ म्हणणारे घरातले एकमेव माणूस.

राष्ट्रीय उद्यान याच नावाच्या स्थानकावर सारे उतरले. थोरला भाऊ आपल्या परिवारासह प्रवेशद्वाराशी आला होता. दोघा भावांनी एकमेकांना हात जोडले, प्रकृतीची विचारपूस केली आणि ते आपापल्या नातवंडांकडे वळले. माकडांमुळे खाऊच्या पिशव्या बंद ठेवाव्यात, अशी सूचना सर्वांना मिळाली.

उद्यानाच्या परिसरात झाडीमध्ये पोदनपूर त्रिमूर्ती दिगंबर जैन मंदिर आहे. श्रवणबेळगोळला किंवा कुंभोजला ज्या बाहुबलींचे दर्शन घडते ते एकटे उभे आहेत. येथे तसे नाही. भगवान आदिनाथ आणि त्यांचे दोन पुत्र, भरत आणि बाहुबली, असे तिघे एकत्र उभे आहेत. पोदनपूर हे बाहुबलींच्या राजधानीचे नाव. पित्याने राज्य वाटून दिले, एकाला अयोध्या आणि दुसऱ्याला पोदनपूर. आणि वाटणीनंतर जे व्हायचे ते झाले. मंदिर उभारणाऱ्यांनी मात्र त्या दोघांना पुन्हा पित्याजवळ आणून उभे केले आहे.

दर्शन झाल्यावर आत्याआजी पायरीवर बसल्या आणि मुले त्यांच्याभोवती गोळा झाली. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणातील कथा त्यांना लहानपणापासून पाठ. भरताचे चक्ररत्न दिग्विजयानंतर नगरीच्या दाराशी अडले, कारण भाऊ अजून जिंकायचे राहिले होते. सैन्याचा संहार नको म्हणून मंत्र्यांनी दोघा भावांतच युद्ध ठरवले. आधी दृष्टियुद्ध, मग जलयुद्ध, मग मल्लयुद्ध. तिन्हींत बाहुबली जिंकले. अपमानाने पेटलेल्या भरताने भावावर चक्र सोडले. चक्र बाहुबलींभोवती फिरले आणि थांबले.

‘‘का थांबलं?’’ एकाने विचारले.

‘‘चक्र आपल्या कुळातल्या माणसावर चालत नाही.’’

जिंकलेल्या राज्याकडे पाठ फिरवून बाहुबली तपाला गेले. वर्षभर ते उभे राहिले, अंगावर वेली चढल्या, तरी केवलज्ञान होईना. आपल्यामुळे भावाला दुःख झाले, हे शल्य मनात राहिले होते. भरताने येऊन त्यांची पूजा केली तेव्हा ते शल्य गेले.

घाटकोपरचे माहेर असलेली धाकटी सून श्वेतांबर घरातली. तिने आपल्याकडची कथा त्यात भर घालून सांगितली. ‘‘आमच्याकडे ब्राह्मी आणि सुंदरी या बहिणी जातात. भाऊ, हत्तीवरून खाली उतर, असं त्या सांगतात.’’

पाच वर्षांच्या एका मुलाने मूर्तीकडे मान वर करून निरखून पाहिले. ‘‘पण हत्ती कुठाय?’’

सून उत्तर देणार होती. आत्याआजींनी तिला हाताने थांबवले. ‘‘शोधा बरं,’’ त्या म्हणाल्या. मुले हत्ती शोधायला पांगली. कोणी खांबामागे पाहिले, कोणी झाडांकडे. दोन्ही आजोबा पायऱ्यांच्या दोन टोकांना बसले होते. एक मुलगी थोरल्या आजोबांजवळ जाऊन ‘‘तुमच्या मागे आहे का?’’ असे विचारून गेली. ती मुलुंडची होती, पण आजोबांनी मागे सरकून तिला पाहू दिले. आत्याआजी चष्मा पुसत होत्या.

तेथून जवळच्या सभागृहात सकाळी अकराला मुलांची पंगत बसली. साधे वरण, भात, तूप, कच्च्या केळ्याची भाजी, मुगाची धिरडी. कंदमूळ कशातच नव्हते, तिखट मुलांच्या ताटात नव्हते आणि पाणी उकळून गार केलेले होते. मोठ्यांची पंगत नंतर बसली. वाढपी म्हणून दहा ते पंधरा वर्षांची मुले होती. त्यांना नियम एकच, आपल्या घरच्यांना वाढायचे नाही. त्यामुळे मुलुंडचा मुलगा बोरिवलीच्या काकूंना ‘‘अजून भात?’’ विचारत होता आणि काकू त्याला ‘‘तू कोणाचा रे?’’ विचारत होत्या. दुपारी अंधाऱ्या खोलीत ११ मुले झोपली. कोणाचे मूल कोणत्या गादीवर, याचा हिशेब आयांनीही सोडून दिला.

चार वाजता वंशवृक्ष झाला. घरातील जुनी वंशावळ वहीत होती, पण तीत केवळ पुरुषांची नावे. पणजीचे नावसुद्धा नव्हते. आत्याआजींचे असण्याचा प्रश्नच नव्हता. या वेळी भिंतीभर पांढरे कापड लावले होते आणि लेकी, सुना, जावई, नातवंडे, सर्वांना त्यावर जागा होती. प्रत्येक मुलाने आपल्या नावाशी रंगात बुडवलेला अंगठा उमटवायचा होता. अंगठा उमटला की मोठ्यांपैकी कोणी तरी सांगे, हा तुझा चुलतचुलत भाऊ, ही तुझी आतेबहीण, यांना काकाआजोबा म्हणायचे. मराठीत नात्यांना किती शब्द आहेत हे मुलांना त्या तासाभरात कळले. तीन वर्षांच्या एकीने बोरिवलीच्या फांदीऐवजी मुलुंडच्या फांदीवर अंगठा दिला. तो पुसला तर कापड खराब झाले असते, म्हणून तसाच राहिला.

खोडापाशी मात्र जागा कोरी होती. तेथे काय लिहावे हे आखणी करणाऱ्या सुनांनी ठरवले नव्हते. पेढीचे नाव लिहिणे साहजिक होते, आणि तेच लिहिता येत नव्हते. एका मुलाने मोठ्याने विचारले, ‘‘इथे काय आहे?’’ क्षणभर सभागृहात लहान मुलांचेच आवाज उरले.

थोरला भाऊ उठला. लेखणी टेबलावरून उचलून त्याने धाकट्यापुढे धरली. ‘‘तू लिही. अक्षर तुझं चांगलं आहे.’’

पेढीच्या वह्यांतले अक्षर धाकट्याचेच असे. बिले, पत्रे, दिवाळीला वहीपूजनाचा पहिला शब्द, सारे तोच लिहित असे. त्याने लेखणी घेतली. ‘‘काय लिहू, दादा?’’ असे विचारले, पण उत्तराची वाट पाहिली नाही. वाकून, वेळ घेत, वहीत लिहावे तशा सरळ ओळीत त्याने ‘फलटण’ असे लिहिले.

यावर टाळ्या झाल्या नाहीत. सव्वाचार झाले होते आणि मुलांना दूध हवे होते.

वाटणीचा प्रश्न त्या दिवशी सुटला असे कोणी म्हणणार नाही. तो निघालाच नाही. पाचच्या पंगतीत दोघे भाऊ शेजारी बसले ते आत्याआजींनी मध्ये बसून आपली दोन्ही ताटे त्यांना सांभाळायला लावली म्हणून. त्यांच्यात बोलणे झाले ते गुडघ्यांचे, सुताच्या भावाचे आणि फलटणच्या वाड्याच्या छपराचे. छपराच्या खर्चावरून थोडा आवाजही चढला. सूर्य डोंगराच्या विरुद्ध बाजूला, समुद्राकडे, झुकला तेव्हा ताटे उचलली गेली होती. पुढच्या वर्षीचा मेळावा मुलुंडला करायचे ठरले. वंशवृक्षाचे कापड गुंडाळून मुलुंडकरांच्या हवाली केले, म्हणजे पुढल्या वर्षी ते पुन्हा लावावेच लागेल.

निघताना मुले थकली होती. कोणाच्या खांद्यावर कोणते मूल झोपले आहे ते अंधारात नीट दिसत नव्हते. मेट्रो स्थानकाच्या जिन्यापाशी थोरला भाऊ थांबला. एवढा लांबचा वळसा, बरोबर पेंगुळलेली मुले, घाटकोपरला लोकलची गर्दी. तो एवढेच म्हणाला, ‘‘पोहोचलास की कळव.’’

रात्री पावणेनऊला बोरिवलीच्या घरात फोन वाजला. बोलणे अर्ध्या मिनिटाचेही नव्हते. पण तो सुनेच्या मोबाइलवर आला नव्हता. तो थोरल्याच्याच फोनवर आला होता, आणि पलीकडे धाकटा होता.