चिठ्ठीवरचा नंबर

गेल्या सत्रातल्या आंतर-हाउस क्रॉस कंट्रीचे गुण मोजण्यासाठी मी सी भाषेत एक प्रोग्राम लिहिला होता. शर्यत संपवणाऱ्यांचे चेस्ट नंबर क्रमाने टाइप करायचे, की हाउसवार गुण तयार. टेबलावर नववीचा एक कॅडेट टाइप करत होता आणि मी त्याच्या मागे उभा होतो. शेवटचे काही धावपटू उरले असताना पडद्यावर ‘सेगमेंटेशन फॉल्ट, कोअर डम्प्ड’ अशी ओळ आली आणि प्रोग्राम बंद पडला.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी लगेच म्हणालो, “याने नंबर चुकीचा टाकला.” तो हळूच म्हणाला, “सर, चिठ्ठीवरचाच टाकला.” पण बारावीच्या कॅडेटपुढे नववीच्या कॅडेटचे कोण ऐकणार? गुण हाताने मोजले गेले आणि त्याला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली.

संध्याकाळी कॉम्प्युटरच्या सरांनी मला लॅबमध्ये बोलावले. “त्याची चूक आहे ना? मग दाखव.”

टाइप केलेले नंबर कुठेही साठवलेले नव्हते. उरली होती फक्त कोअर फाइल, म्हणजे प्रोग्राम कोसळला त्या क्षणीची त्याची मेमरी. ती मी जीडीबी या डीबगरमध्ये उघडली. दिसले काय? काही पत्ते आणि त्यांच्यापुढे प्रश्नचिन्हे. साक्षीदार समोर होता, पण त्याची भाषा आम्हांला कळत नव्हती.

दोष माझाच होता. फाइल लहान व्हावी म्हणून मी तिच्यातली सगळी नावे काढून टाकली होती. सरांनी समजावले, की प्रोसेसरला आपल्या व्हेरिएबलची नावे किंवा ओळींचे क्रमांक लागत नाहीत. कंपायलरला मात्र भाषांतर करताना ते सगळे ठाऊक असते. ‘जी’ हा पर्याय दिला, तर तो ही माहिती डीबगरसाठी लिहून ठेवतो. लिनक्सवर एक्झिक्युटेबल फाइलच्या साच्याला एल्फ म्हणतात आणि या माहितीच्या साच्याला ड्वार्फ. युरोपातल्या लोककथांमधल्या एल्फ आणि ड्वार्फ या जोडीवरून गमतीने ठेवलेले हे नाव. ड्वार्फमधला एक तक्ता कोणता पत्ता कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीतून आला ते सांगतो. दुसऱ्या भागात फंक्शन, व्हेरिएबल, त्यांचे प्रकार आणि प्रत्येक व्हेरिएबल रजिस्टरमध्ये आहे की स्टॅकवर, तेही लिहिलेले असते. कंपायलर आणि डीबगर वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले असतात, म्हणून दोघांना मान्य असा साचा हवा.

हा साचा सगळीकडे एकच नाही. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा कंपायलर ही माहिती पीडीबी नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. मॅकवर ड्वार्फच असते, पण ते ऑब्जेक्ट फाइल्समध्ये राहते आणि नंतर डीसिम नावाच्या गठ्ठ्यात गोळा करता येते. माहिती वेगळी ठेवली, की ती याच प्रोग्रामची आहे हे ओळखायला दोन्हींवर एकच ओळख क्रमांक लागतो. नकाशावाचनात जुन्या आवृत्तीची शीट घेऊन निघालो तर जसे फसतो, तसेच इथेही. सुट्टीत मी घरी विंडोजवर जीसीसीने प्रोग्राम तयार केला होता, तेव्हा व्हिज्युअल स्टुडिओच्या डीबगरला ओळी दिसेनात. त्याला पीडीबी हवी होती आणि जीसीसीने ड्वार्फ दिले होते. तेव्हा मी डीबगरलाच नावे ठेवली होती.

माझा सोर्स कोड त्या दिवसानंतर बदललेला नव्हता. त्याच मशीनवर, त्याच जीसीसीने, फक्त ‘जी’ जोडून आम्ही प्रोग्राम पुन्हा तयार केला. दोन्हींतला मशीन कोड जुळतो, हे सरांनी आधी ताडून पाहिले. ऑप्टिमायझेशन बंद होते हे नशीब, नाहीतर व्हेरिएबलच्या जागी ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ एवढेच वाचायला मिळाले असते. मग नवी फाइल आणि जुनी कोअर फाइल एकत्र उघडली.

आता प्रश्नचिन्हांच्या जागी फंक्शनचे नाव, ओळीचा क्रमांक आणि टाइप केलेला चेस्ट नंबर दिसत होता. सरांनी खिशातून पंचांची चिठ्ठी काढली. नंबर तोच होता.

चूक यादी वाचणाऱ्या लूपमध्ये होती. तो एक पाऊल आधी थांबायचा, त्यामुळे यादीतला शेवटचा धावपटू प्रोग्रामच्या लेखी अस्तित्वातच नव्हता. त्याचा नंबर आल्यावर शोधणाऱ्या फंक्शनने ‘नल’ परत दिले, आणि ते न तपासता मी पुढे वापरले.

सर काही बोलले नाहीत. त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या फॉल-इनला मी परवानगी घेऊन पुढे आलो आणि चूक माझी होती, हे सगळ्या हाउससमोर सांगितले. तो कॅडेट दुसऱ्या रांगेत उभा होता. नंतर मेसमध्ये त्याने विचारले, “सर, तो लूप मला दाखवाल?”

आम्ही तो मिळून दुरुस्त केला. आता मी प्रोग्राम देताना लहान फाइल देतो, पण तिच्या डीबग माहितीची जुळणारी प्रत माझ्याकडे जपून ठेवतो. आणि काही कोसळले, की कोणाचेही नाव घेण्याआधी ती प्रत उघडतो.