तीच चौकट, तेच सरोवर

माझं गाव लोणार. हॉस्टेलवर हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "ते पाणी गुलाबी झालं होतं, तेच ना?" हो बाबांनो, तेच! जून २०२० मध्ये झालं होतं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं.

त्या वेळी नासाने लँडसॅट-८ उपग्रहाची दोन चित्रं प्रसिद्ध केली होती. २५ मेचं हिरवट, १० जूनचं गुलाबी. मध्ये बरोबर १६ दिवस, कारण हा उपग्रह १६ दिवसांनी पुन्हा त्याच जागेवरून जातो. दोन्ही चित्रांत सरोवर जागच्या जागी, बदलला तो फक्त रंग. म्हणूनच फरक पाहताक्षणी कळतो.

ते पाहून माझ्याही डोक्यात किडा वळवळला. बाबा रोज सकाळी सरोवराच्या कड्यावर फिरायला जातात. म्हटलं, "बाबा, दर रविवारी एकाच जागेवरून एक फोटो काढत जा ना." बाबांनी काही न विचारता वर्षभर काढले. पावसात छत्री धरून काढले, थंडीत कानटोपी घालून काढले. एकूण ५२ फोटो! मी सुट्टीत गेलो, सगळे पेनड्राइव्हवर घेतले आणि मोबाईलमध्ये जागा व्हावी म्हणून तिथले पुसून टाकले. (इथेच पहिली माशी शिंकली.)

हॉस्टेलवर येऊन कापाकापी सुरू. ५२ फोटो एकेक कापणं म्हणजे सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवण्यासारखं. त्यापेक्षा इरफानव्ह्यूमध्ये बॅच लावली. फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचे. डावीकडून ४००, वरून ९०० सोडायचे. रुंदी ३२००, उंची १२००. एकदा आकडे टाकले की सगळ्यांवर एकच कात्री. दोन मिनिटांत काम फत्ते! आणि साठवायला फोल्डर कुठला दिला? तोच. मूळ फोटोंवरच नवे बसले.

प्रेझेंटेशनमध्ये मी छाती फुगवून म्हणालो, "सर, बघा, दोन महिन्यांत पाणी केवढं वर आलं!" सर शांतपणे म्हणाले, "पाणी आलं ते ठीक आहे. पण समोरचा कडाही वर सरकलाय. तो कसा आला?"

सगळा वर्ग हसला. मी पण हसलो, पण आतून गार पडलो. बाबांचा हात दर रविवारी थोडा इकडे, थोडा तिकडे. चौकट मी एकच ठेवली होती, पण तिच्या आतलं दृश्यच हललेलं होतं. दुरुस्त करायला मूळ फोटो उघडायला गेलो, तर मूळ होतेच कुठे! १४ फोटोंत तर पाण्याचा काठच कापून गेला होता.

रात्री घरी फोन केला. बाबा म्हणाले, "काऊन रे, फोटो हरपले काय? मी पुन्हा काढतो ना." मग थोडं थांबून म्हणाले, "पण त्या दिवसाचं पाणी कुठून आणू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

उरलेले ३८ मी जिम्पमध्ये एकावर एक थर म्हणून उघडले. वरचा थर अर्धा पारदर्शक करून समोरच्या कड्यावरची एक खाच आणि एक मोठा दगड खालच्या थरावर नेमका बसेपर्यंत सरकवला. असे सगळे जुळल्यावर शेवटी एकदाच कापलं, की सगळे थर सारखेच कापले जातात. आता खाच हलत नाही, दगड हलत नाही, हलतं ते फक्त पाणी. आणि खरं सांगू? माझं ते "केवढं वर" प्रत्यक्षात बरंच कमी निघालं.

तेव्हा दोस्तहो, फोटो कापण्याआधी नक्कल काढा, न हलणारी गोष्ट आधी शोधा, कात्री शेवटी चालवा. बाबा हल्ली कठड्याच्या एकाच खांबाला मोबाईल टेकवून फोटो काढतात. परवाच्या रविवारचा कालच आला. मूळ फोटो तीन ठिकाणी ठेवलाय!