मोहाखालचे वाटेकरी

चैत्रातल्या पहाटे चंद्रपूरच्या रानात शिरलं की डोळ्यांआधी नाकाला कळतं, मोह गळायला लागलाय. गोडसर, किंचित आंबूस, जड वास. पाल्यावर टप् टप् पडणारी फुलं फिकट पिवळी, मांसल. बोटांत दाबली की चिकट रस सुटतो. चितळं येतात, गुरं येतात, टोपल्या घेऊन बाया येतात. अस्वलही येतं.

त्याचं खाणं मोठं मजेशीर. वरच्या जबड्यातले मधले दोन दात त्याला नसतातच. लांब नखांनी वारूळ फोडायचं, फुंकर मारून माती उडवायची, नाकपुड्या मिटायच्या आणि ओठांचा चंबू करून वाळवी ओढून घ्यायची. तो फुरफुराट शांत रानात दूरवर ऐकू येतो. एकदा खाण्यात गुंगलं की मग शुद्ध कसली! नजर अधू, कान बेताचे, सगळी भिस्त नाकावर. वारा उलटा असला तर तेही हात टेकतं. इकडे फुलं वेचणारी बाईही खाली वाकलेली, तोंडानं गप्प. दोघांना एकमेकांचा पत्ता लागतो तो चार पावलांवर. वाघाच्या शेजारात वाढलेला हा जीव अशा वेळी पाठ दाखवत नाही, अंगावरच येतो. पंजा बसतो तो बहुधा चेहऱ्यावर. मग पेपरात ‘हिंस्र अस्वलाचा हल्ला’. भेदरलेलं अस्वल असं कुणी छापत नाही. अर्थात, ज्या बाईचा डोळा गेला तिच्यासमोर मी हे बोलायला धजणार नाही.

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अस्वल वाघाच्या पंगतीत, पहिल्या अनुसूचीत बसतं. त्याच्या टेकडीला मात्र असं संरक्षण सगळीकडे नाही. थंडीत मादी विते ती खडकाच्या कपारीत; तीच टेकडी खडीसाठी सुरुंगानं फुटते. बोरं, जांभळं, टेंभरं, बहाव्याच्या शेंगा पिकणारं रान तुटून शेत झालं, की तिथल्या मक्यात अस्वल शिरणारच. फुलं नीट दिसावीत म्हणून मोहाखालचा पाला पेटवतात; ती आग झाडाच्या सावलीपुरती राहत नाही, तिचा वणवा होतो.

उजाडल्यावर जा, चौघी मिळून जा, मोठ्यानं बोलत जा, हे सांगणं खरंच उपयोगाचं आहे. पण उशिरा पोचलं तर फुलं गुरांच्या पोटात गेलेली असतात, आणि उन्हाळ्यातलं तेल-मीठ याच फुलांवर. मला आशा वाटते ती झाडाखाली बांधायच्या जाळीची. फूल वरच अडतं, पाला जाळावा लागत नाही, पहाटेची धावाधाव टळते.

टोपली डोक्यावर चढवता चढवता एका मावशींना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, “जाळी बेस हाये, बापू. पण एका झाडाले पुरते. बाकीच्या झाडाइचं काय करू?”