एकशे बारा टी-शर्ट

आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचला यंदा २५ वर्षं झाली. पुण्यात जमायचं ठरलं आणि ग्रुपवर कुणीतरी पिल्लू सोडलं, "सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट करूया!" धडाधड अंगठे वर आले. "पण बघणार कोण?" या प्रश्नावर मात्र चिडीचूप. मी चुकून "बघतो" लिहून बसलो. तर ही त्याची कथा. तुमच्यावरही कधी ना कधी ही वेळ येणार आहे, म्हणून लिहून ठेवतोय.

पहिला धडा, साइझ नुसता विचारू नका. एका कंपनीचा एल म्हणजे दुसरीचा एम. सरळ सांगायचं, नेहमीचा नीट बसणारा टी-शर्ट पलंगावर पसरा, या काखेपासून त्या काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. तरी दोघांनी छाती २० आणि २१ इंच लिहिलीच. इंजिनिअर म्हणे!

दुसरा धडा रंगांचा. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाची वेगळी फ्रेम बनते. तो खर्च एकदाच, म्हणून नग वाढले की दर उतरतो आणि रंग वाढले की चढतो. आमच्या हौशी कलाकारांनी पाच रंग सुचवले होते. भांडून एकावर आणले. वाचलेल्या पैशात कापड बरं घेतलं, १८० जीएसएमचं सुती. म्हणजे एका चौरस मीटरचं वजन १८० ग्रॅम.

तिसरा धडा देवनागरीचा. पाठीवर 'पंचवीस वर्षांनी, त्याच कट्ट्यावर' असं छापायचं होतं. मी मजकूर टाइप करून पाठवला. नमुना आला तर रफार भलत्याच अक्षरावर आणि कट्ट्याचे तुकडे! छपाईवाल्या काकांच्या जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोड झेपत नव्हतं. "साहेब, कर्व्ह करून पाठवा," काका शांतपणे म्हणाले. म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून पाठवायच्या, मग फॉन्टची भानगडच नाही. इतकी वर्षं कोड लिहितोय, पण हे काकांनी शिकवलं.

एवढं सगळं शहाण्यासारखं केलं. खरी चूक वेगळीच होती.

साइझची शीट मी सगळ्यांना दिसेल अशी ठेवली होती. आमच्यातला एक जण होस्टेलपासून 'डबल'. कारण उघड आहे, डबल एक्सेल. त्याने नावापुढे एम लिहिलं आणि ग्रुपवर धुमाकूळ सुरू झाला. "पोराचा साइझ टाकलास काय रे?" "रुमाल शिवतोयस का?" मीही एक स्मायली टाकला. त्याने काहीच उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑर्डर द्यायची होती, म्हणून फोन केला.

"आकडा बरोबर आहे ना रे?"

"३८. मोजून घेतलाय." मग जरा थांबून म्हणाला, "केमो चालू होती. आता संपली. कुणाला बोललो नव्हतो."

मला काही सुचेना. आणि अशा वेळी माणूस मूर्खासारखं बोलतो ना, तसं मी बोललो, "मग एल करू का? पुढे वजन वाढलं तर..."

"नको रे. वर्षभर सगळे कपडे ढगळ घालतोय. एक तरी मापाचा असू दे."

फोन ठेवल्यावर पहिलं काम केलं ते शीट बंद करण्याचं. ऑफिसात कुणाला कुठला डेटा दिसावा यावर मी तासतासभर वाद घालतो, आणि इथे ११२ जणांची मापं चव्हाट्यावर टांगून ठेवली होती. मापात एवढं काय, असं वाटलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी त्याचा टी-शर्ट वेगळा काढून ठेवला होता. खांद्यावर अगदी बरोबर बसला. "डबल, डाएट सांग की!" कुणीतरी ओरडलंच. "फार महाग आहे, तुला परवडणार नाही," तो म्हणाला आणि सगळे हसले. जेवणानंतर त्याने स्वतःच सगळ्यांना सांगितलं. हे पोस्टही त्याला विचारूनच लिहितोय.

असो. चार टी-शर्ट उरलेत. सगळे डबल एक्सेल. एक त्याने मागून नेला, म्हणाला, "राहू दे, लागेल."