सल्ला न देणारी खोली

दारू सोडायची हे ठरल्यावर मी पहिला फोन आईला केला. आई साताऱ्याला असते. क्षणभर थांबून ती म्हणाली, "पुण्याला ये, मुक्तांगणला जाऊ." डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीनं सुरू केलेलं ते केंद्र मराठी घरांत सगळ्यांना ठाऊक असतं. पण माझी नोकरी, बायको, मुलीची शाळा सगळं बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये. जिथं पितो तिथंच न पिता राहायला शिकावं लागणार होतं.

शोधायला बसलो तर आधी सापडली ती महिन्याचं पॅकेज सांगणारी खाजगी केंद्रं. एका ठिकाणच्या माणसानं मलाच विचारलं, "पेशंट यायला तयार आहे ना? नसेल तर गाडी पाठवतो, आमची माणसं उचलून आणतील." मी घाबरून फोन ठेवला. मग बरेच दिवस कुणालाच विचारलं नाही.

शेवटी बायको मला निम्हान्सच्या व्यसनोपचार विभागात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते प्रत्येक पिणाऱ्याच्या घरात माहीत असायला हवं. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं मनाचा हिय्या करून एका रात्रीत बंद करू नये. मेंदूला दारूची सवय झालेली असते. ती अचानक तुटली की हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते, काहींना फिट येते, दोन-तीन दिवसांत भास होऊ लागतात. यात जीवही जाऊ शकतो. म्हणून सुरुवातीचे दिवस औषधं, बी-वन जीवनसत्त्व आणि डॉक्टरांची नजर हवी. माझं ते पार पडल्यावर त्या डॉक्टर म्हणाल्या, "शरीराचं आम्ही पाहिलं. आता संध्याकाळी कुणासोबत बसणार, ते तुम्ही बघा." आणि एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, फोन नंबर दिला.

१९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एक शेअरबाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघेही दारूनं पोखरलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून हे सुरू झालं. भारतात ते १९५७ मध्ये मुंबईत आलं. फी नाही, हजेरीपट नाही. अट एकच, पिणं थांबवायची इच्छा हवी. फोनवरच्या माणसानं माझं आडनावसुद्धा विचारलं नाही. फक्त म्हणाला, "आज प्यायलायस का? नाही ना? मग संध्याकाळी ये."

सत्ताविसाव्या मेनवरून निघालो तेव्हा ब्रुअरींसमोर गर्दी जमू लागली होती. मीटिंग एका चर्चच्या मागच्या खोलीत होती. कुठल्या, ते लिहीत नाही. तिथं येणाऱ्यांचं निनावीपण जपायला हवं. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर एएच्या बारा पायऱ्यांचा तक्ता, किटलीत कॉफी. इथं साहेब कोण, डॉक्टर कोण, हेच कळेना. त्या दिवशी मीटिंग चालवणारा माणूसही आमच्यासारखाच दारुडा होता आणि पुढच्या वेळी दुसरा कुणी चालवणार होता. सगळे एकमेकांना नुसत्या नावानं हाक मारत. शेजारी सत्तरीचे गृहस्थ बसले होते. त्यांना एकेरी नावानं हाक मारायला माझी जीभ वळेना. मी त्यांना अण्णा म्हणू लागलो, आजही म्हणतो.

मग एकेक जण बोलू लागला. इंग्रजीत, मध्येच कन्नड, तमिळ, हिंदी. एकानं मुलाच्या लग्नात काय झालं ते सांगितलं. एका बाईनं कपाटात बाटल्या कुठं कुठं लपवायची ते सांगितलं. बोलून झालं की सगळे "थँक यू" म्हणायचे, आणि पुढचा. कुणी "असं कर" म्हणालं नाही, उलटा प्रश्न केला नाही. मी गोंधळून गेलो. आजवर सासरे, दादा, ऑफिसातला मॅनेजर, प्रत्येकानं मला काही ना काही समजावलं होतं, आणि समजावणाऱ्याला उत्तर देता देता मी खोटं बोलण्यात तरबेज झालो होतो. इथं उत्तर द्यायला कुणी समोर नव्हतंच. खोटं कुणापाशी बोलायचं? माझी पाळी आली. नाव सांगितलं, 'मी अल्कोहोलिक आहे' म्हणालो, आणि पुढे शब्द फुटेना. तेही चाललं.

शेवटी प्रार्थना झाली. पैशांची पेटी फिरली. नव्या माणसानं टाकायची गरज नाही म्हणाले. संस्था बाहेरची देणगी घेत नाही, सगळा खर्च सदस्यच भागवतात. कॉफी पिताना अण्णांनी नंबर दिला आणि बजावलं, पहिला पेग घेण्याआधी फोन कर, नंतर नको.

मी अजून जातो. सगळं पटलेलं नाही. दुसऱ्या पायरीतल्या 'आपल्यापेक्षा मोठ्या शक्ती'पाशी मी अडतो. अण्णा म्हणतात, तुला या खोलीतल्या खुर्च्या मोठ्या वाटत असतील तर त्या धर. नवव्या पायरीत दुखावलेल्या माणसांची भरपाई करायची असते. माझी यादी लांब आहे आणि पहिलं नाव घरातलंच आहे. बायकोसारख्यांसाठी १९५१ पासून अल-अनॉन नावाचे वेगळे गट आहेत, कुटुंबीयांचे. मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्यामुळे मला कुठंही जायचं नाहीये. जाईन तेव्हा माझ्यासाठी जाईन." अजून गेलेली नाही. मी पुन्हा विचारलेलं नाही.