दबलेले गाणे आधी पुसले जाते

चळवळीच्या गाण्यांत कोणाचा आवाज मोठा आणि कोणाचा दबलेला, हे गायकाच्या गळ्यावर ठरत नाही. ते रेकॉर्डिंगवर ठरते.

सुरगाणा तालुक्यातल्या ज्या पाड्यांवर आम्ही प्रबोधनाचे काम करतो, तिथे रेंजचा भरवसा नाही. गाणी पेनड्राइव्हवरून वाजतात. त्यात जुन्या कॅसेटवरून उतरवलेले वामनदादा कर्डक आहेत, आजचे डीजे मिक्स आहेत आणि कोकणा, वारली साथींनी मोबाइलवर टिपलेला तारपा-पावरीही आहे. मिक्स लागले की आवाज कमी करावा लागतो. मग वामनदादा ऐकूच येत नाहीत. ऐकू न येणारे गाणे पोरे पुढे ढकलतात आणि जागा कमी पडली की आधी तेच पुसतात. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला हा लोककवी असा आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच हातून हरवतो.

उपाय म्हणून अनेकजण सर्व गाण्यांचे सर्वोच्च टोक सारखे करतात. ही कागदावरची समता झाली. जुन्या गाण्यात ढोलकीची एखादी थाप टोकाला भिडते, शब्द मात्र खालीच राहतात. नव्या मिक्समध्ये कॉम्प्रेशन करून सारेच टोकाजवळ नेलेले असते. टोक सारखे, तरी कानाला फरक कायम. मताची समता आणि जगण्यातली विषमता यांतला असाच विसंवाद बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दाखवला होता.

म्हणून मोजायचा तो कानाला जाणवणारा एकूण मोठेपणा. २००१ मध्ये मांडलेली रिप्लेगेन पद्धत हेच करते. आम्ही एमपीथ्रीगेन वापरतो. ते गाणे पुन्हा एन्कोड न करता १.५ डेसिबलच्या टप्प्यांनी पातळी बदलते आणि बदल मागेही घेता येतो. ८९ डेसिबल ही त्याची ठरलेली पातळी. तिथे मोठ्यांना खाली यावे लागते. हळू गाणे मिक्सच्या उंचीला ओढून नेले, तर आवाज फाटतो आणि कॅसेटची खरखरही वाढते.

मूळ फाइल मात्र वेगळी जपा. एका जलशातली गाणी एकत्रच मोजा, म्हणजे त्यांतला हळू-मोठ्याचा मेळ टिकेल.

"जोश गेला," अशी तक्रार होतेच. मित्रांनो, सगळे एका पातळीवर आले की स्पीकरचे बटण हवे तेवढे फिरवा. तेव्हा आवाज सगळ्यांचाच वाढेल.

जयभीम! जोहार!