कोंड्याचा मांडा

पाव या पदार्थाने आमच्या घराण्याचा तीन पिढ्या पिच्छा पुरवला आहे. आजीच्या काळी पाव खाल्ला की माणूस बाटत असे. फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकला आणि त्या विहिरीचं पाणी प्यायलेलं अख्खं गाव एका रात्रीत बाटलं, ही गोष्ट आजी इतक्या बारकाव्यांनिशी सांगायची की, तो पाव तिच्या देखतच बुडाला असावा असं वाटे. वडिलांच्या काळी पाव हे आजाऱ्याचं अन्न झालं. ताप उतरला की दुधात बुडवलेला पाव मिळायचा, आणि म्हणून आम्ही भावंडं ताप येण्याची मनोभावे वाट पाहत असू. आता माझ्या काळी पाव खाल्ला की साखर वाढते. आजीच्या पावाला निदान प्रायश्चित्त होतं. पंचगव्य घेतलं की माणूस पुन्हा पंक्तीला बसायला मोकळा. साखरेला पंचगव्य चालत नाही. तिला दर तीन महिन्यांनी रक्त द्यावं लागतं.

माझा रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, “सीमारेषेवर आहात. मैदा बंद.” सीमारेषेवरच्या जवानाला देश निदान रसद तरी पुरवतो, माझी रसदच तोडली. कारण मैदा बंद म्हणजे नुसता पाव बंद नव्हे. खारी बंद, बटर बंद, टोस्ट, नानकटाई, सामोसा, चिरोटे, शंकरपाळी बंद आणि इराण्याकडचा ब्रून मस्का बंद. माझ्या आयुष्यातून मैदा वजा केला तर शिल्लक काय राहतं, हे मी एका कागदावर मांडून पाहिलं. पेन्शन आणि सौभाग्यवती.

या दोन्हींपैकी सौभाग्यवती अधिक नियमित असल्यामुळे दुसऱ्याच दिवशी घरात ब्राऊन ब्रेड आला.

आमच्या समाजाला गोऱ्या रंगाचं केवढं वेड! वर्तमानपत्रातल्या वधू-वरांच्या जाहिरातींत सावळ्या रंगाला जो न्याय कधी मिळाला नाही, तो पावाच्या बाजारात मिळाला याचा मला खरोखर आनंद झाला. सावळा पाव दहा-पंधरा रुपयांनी महाग होता आणि त्याच्या पिशवीवर एक हसरं, सडपातळ कुटुंब गव्हाच्या शेतातून धावत होतं. गव्हाच्या उभ्या पिकातून असं सहकुटुंब धावलं तर शेतकरी काय म्हणेल, हा विचार त्या कुटुंबाला शिवलेला दिसत नव्हता.

चार दिवस तो पाव खाल्ल्यावर पाचव्या दिवशी हिने चष्म्यावर भिंग धरून पिशवीची मागची बाजू वाचायला घेतली. ही पूर्वी शाळेत गणित शिकवायची. उत्तर बरोबर आलं तरी रीत तपासल्याशिवाय गुण द्यायचे नाहीत, हा तिचा बाणा.

“अहो, पाकिटावर घटक कुठल्या क्रमाने लिहितात माहीत आहे का? वजनाच्या उतरत्या क्रमाने. जे सगळ्यात जास्त ते पहिलं.”

“मग पहिलं काय आहे?”

“मैदा.”

त्यानंतर गव्हाचं पीठ होतं, साखर होती, यीस्ट होतं, मूठभर कोंडा होता आणि शेवटी शेवटी ‘रंग १५०’ अशी एक नम्र नोंद होती. १५० म्हणजे कॅरॅमल. जाळलेल्या साखरेचा रंग. म्हणजे ज्या साखरेच्या भीतीने मी पांढरा पाव सोडला, तीच साखर तोंडाला काळं फासून मागच्या दाराने घरात आली होती. पावडर लावून मुलगी गोरी दाखवण्याची युक्ती आपण ऐकलेली आहे. पण रंग लावून सावळं दाखवण्याचा हा प्रकार आमच्या घरात तरी पहिलाच होता.

मग मी बहुधान्य पाव आणला. त्याच्यावर जवस, तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया मंगलाष्टकांत टाकलेल्या अक्षतांसारख्या पसरल्या होत्या. भिंगाखाली आत पुन्हा मैदाच होता. लग्न मैद्याचं, अक्षता सात धान्यांच्या.

आता तुम्ही म्हणाल की, मैद्याचा एवढा राग कशाला? मैदा काय आकाशातून पडतो? तोही गव्हाचाच. हे खरं आहे. गव्हाचा दाणा म्हणजे तीन बिऱ्हाडांचं घर. बाहेर कोंड्याचं बिऱ्हाड, ते साधारण चौदा टक्के. एका कोपऱ्यात अंकुर, तो जेमतेम तीन टक्के. उरलेल्या त्र्याऐंशी टक्क्यांत पांढरंशुभ्र पिठूळ पोट. तंतू बहुतेक सगळे कोंड्यात. ब जीवनसत्त्वं, लोह वगैरे शहाणी मंडळी कोंडा आणि अंकुरात. पोटात मुख्यतः स्टार्च आणि प्रथिनं. मैदा म्हणजे पहिल्या दोन बिऱ्हाडांना घराबाहेर काढून तिसऱ्याच्या नावावर केलेला सातबारा. शंभर ग्रॅम कणकेत अकरा ग्रॅमच्या आसपास तंतू असतात, शंभर ग्रॅम मैद्यात तीनसुद्धा भरत नाहीत.

ही घरं रिकामी करण्याचं काम पूर्वी कष्टाचं होतं. जात्याखालचं पीठ चाळत बसावं लागे, म्हणून पांढरा पाव ही श्रीमंतांची चैन होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या आणि ही चैन स्वस्त झाली. व्यापाऱ्यांचंही एक दुखणं गेलं. अंकुरात तेल असतं, त्यामुळे अख्ख्या गव्हाचं पीठ लवकर खवट होतं. अंकुरच काढून टाकला की पीठ महिनोन्‌महिने टिकतं. थोडक्यात, मैदा टिकावा म्हणून तो केला. खाणारा टिकावा हा मुद्दा चर्चेला आलेला नसावा.

तो मुद्दा पहिल्यांदा कोणी उपस्थित केला असेल तर कोंबड्यांनी. हसू नका. जावा बेटावर १८९० च्या सुमारास क्रिस्तियान आइकमान नावाचा डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचे जंतू शोधत होता. त्याच्या कोंबड्या अचानक लुळ्या पडू लागल्या आणि काही महिन्यांनी अचानक बऱ्याही झाल्या. चौकशी केली तेव्हा कळलं की, मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या मुदपाकखान्यातला उरलेला पांढरा, सडलेला म्हणजे पॉलिश केलेला भात मिळत होता. पुढे आचारी बदलला. नव्या आचाऱ्याने बिनलष्करी कोंबड्यांना लष्करी भात द्यायला साफ नकार दिला. कोंबड्यांना पुन्हा साधा, कोंड्यासकट तांदूळ मिळू लागला आणि त्या चालू लागल्या. आइकमानला १९२९ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. त्या आचाऱ्याला काहीही मिळालं नाही. सरकारी नियमावर बोट ठेवून अडवणूक करणाऱ्या माणसाच्या हातून मानवजातीचं कल्याण झाल्याचं एवढं ठळक उदाहरण मला तरी दुसरं आठवत नाही.

एवढं ज्ञान मिळाल्यावर मी गव्हाच्या पिठाच्या खऱ्या पावाकडे वळणार, तोच हिने आणखी एक पिन टोचली. पाव शंभर टक्के कणकेचा असला तरी पीठ फार बारीक दळलेलं असलं, तर रक्तातली साखर जवळजवळ पांढऱ्या पावाइतक्याच घाईने चढते. तंतू आणि जीवनसत्त्वं मिळतात, तो फायदा आहेच. पण ‘ब्राऊन आहे, चार घ्या’ हे चालायचं नाही.

“मग खायचं काय?” मी विचारलं.

“पोळी. ती आपल्या घरात आधीपासून आहे. गिरणीतून दळून आणतो तीच कणीक. फक्त चाळून कोंडा टाकायचा नाही. आणि भाकरी.”

म्हणजे एवढी पृथ्वीप्रदक्षिणा करून गणपती पुन्हा परातीपाशीच आला. ‘कोंड्याचा मांडा करून खाणं’ ही आपल्याकडे गरिबीतल्या शहाणपणाची म्हण होती. आता कोंडा पाकिटात घालून मैद्याहून महाग विकतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं आणि ज्या ज्वारी-नाचणीला पाहुण्यांसमोर आणायला लोक लाजत, ती इंग्रजी नाव लावून हॉटेलच्या मेनूत जाऊन बसली.

पण या सगळ्या आरोग्यपुराणात एक अध्याय कायम गाळला जातो. दळायचं कोणी? मळायचं कोणी?

गांधीजींनी जोहान्सबर्गला असताना घरी दळलेल्या पिठाचीच भाकर खायची असं ठरवलं आणि सात पौंड देऊन हातजातं विकत घेतलं. त्याचं लोखंडी चाक एकट्याला ओढवेना, दोघांना मात्र सोपं जाई. गांधीजी, त्यांचे मित्र पोलॉक आणि मुलं मिळून दळत. कस्तुरबाही मधूनमधून हात लावत. पण मधूनमधूनच, कारण दळायची वेळ नेमकी त्यांची स्वयंपाक सुरू करायची वेळ होती. हे गांधीजींनी आत्मचरित्रात स्वतःच प्रामाणिकपणे नोंदवलं आहे. आहाराचा प्रयोग पुरुषमंडळींचा चालू होता आणि आहार आत तयार होत होता.

आपल्याकडे तर बायकांनी भल्या पहाटे जात्यावर बसून शतकंच्या शतकं दळलं. त्यांनी गायलेल्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून गोळा केल्या, त्या लाखावर भरल्या. लाखभर ओव्या होण्यासाठी किती दळण लागलं असेल, याचा हिशेब कुठल्याही पाकिटाच्या मागे लिहिलेला नसतो.

हे मला माझ्या थोरल्या भावाच्या स्वयंपाकघरात समजलं.

दादा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. ठाण्याला एकटा राहतो. वहिनी जाऊन चार वर्षं झाली. दादाची साखर माझ्यासारखी सीमारेषेवर नाही. ती केव्हाच सरहद्द ओलांडून आत घुसली आहे. गेल्या पावसाळ्यात त्याच्या पायाच्या बोटाला जखम झाली आणि ती भरेना. डॉक्टर बोटाबद्दल जपून बोलू लागले. डॉक्टर जपून बोलू लागले की घरच्यांनी काय समजायचं, ते आम्ही समजलो आणि ठाण्याची गाडी पकडली.

ओट्यावर स्लाइस ब्रेडची पिशवी, खारीचा डबा आणि टोस्टचा पुडा. एवढाच संसार. हिने भिंग काढलं. कोंडा, अंकुर, तंतू, उतरता क्रम, रंग १५०, सगळा तास घेतला. कोंबड्यासुद्धा सोडल्या नाहीत. दादाने हाताची घडी घालून शहाण्या विद्यार्थ्यासारखं ऐकून घेतलं.

मग म्हणाला, “तुझं सगळं पटलं गं. पण या पावाचा एक गुण तुझ्या यादीत नाही. पोळीला घरात दुसरं माणूस लागतं. पाव विचारत नाही, घरी करणारं कोण आहे म्हणून.”

यावर गणिताच्या बाईंनाही चटकन उत्तर सुचलं नाही.

“डबा लावून देते,” ही म्हणाली.

“लावला होता. दुपारची पोळी रात्री चावत नाही. पन्नास वर्षं हिच्या हातची भाकरी खाल्ली, पीठ कुठल्या डब्यात असतं ते ती गेल्यावर कळलं. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर ती अमेरिकेची लाल ज्वारी आली होती, मिलो, आठवते? तिचीसुद्धा भाकरी थापायची ही. कशी थापायची देव जाणे. मी पाटावर बसलेला असायचो. पाठ दिसायची आणि आवाज यायचा.”

ही काही वेळ गप्प राहिली. मग पदर खोचून म्हणाली, “मग उठा, दादा. आवाज पाठ आहे ना? हात मी शिकवते.”

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाचा गृहप्रवेश स्वयंपाकघरात झाला. ज्वारीचं पीठ ताजं हवं, जुन्या पिठाचा चिकटपणा जातो आणि भाकरी तुटते. पाणी कढत हवं. थोडं थोडं पीठ घेऊन तळहाताने रगडून मळायचं. भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा. दादाने बँकेतल्या सवयीने हे सगळं वहीत उतरवून घेतलं. त्याने पहिली भाकरी परातीत थापली ती संयुक्त महाराष्ट्राच्या आकाराची. तव्यावर पडेपर्यंत विदर्भ वेगळा झाला होता. दुसऱ्या खेपेला मुंबईही राहिली नाही. पण आता पुढचा आठवडाभर ही तिथेच राहणार होती आणि नापास विद्यार्थ्याला सोडून घरी येणं तिच्या नोकरीत कधी घडलेलं नाही.

त्याचं बोट वाचलं. ते औषधांनी, इन्शुलिनने आणि रोजच्या ड्रेसिंगने वाचलं. त्याचं श्रेय भाकरीला देण्याइतका मी शास्त्रावर रुसलेलो नाही. तरी डॉक्टरांनी खारीचा डबा बंद झाल्याबद्दल समाधान व्यक्त केलं. महिन्यातून एकदा आम्ही दोघे भाऊ इराण्याकडे एक ब्रून मस्का अर्धा अर्धा खातो. हे दोन्ही डॉक्टरांना आणि एका गणिताच्या बाईंना ठाऊक आहे. चोरून खाल्ल्याचा आनंद त्यामुळे उरत नाही, पण ब्रून कडक असतो.

दिवाळीच्या आधी एका सकाळी दादाचा फोन आला. आवाज असा की मला आधी वाटलं, पुन्हा बोटाचं काहीतरी.

“फुगली रे,” तो म्हणाला. “चांगली टम्म फुगली.”

“मग खाल्लीस की नाही?”

“नाही. हिच्या फोटोपुढे ठेवली आहे. जन्मभर सगळ्यांना वाढून शेवटी बसायची, तिच्या वाट्याला नेहमी गारच आली. आज म्हटलं, गरम असताना तिला.”